पासवर्ड बंद करायच्या आधी दुसरी खिडकी उघडा: सर्व्हरवर किल्लीने लॉगिन कसं करायचं

माझा मामेभाऊ देवगडला असतो. आंब्याच्या ऑर्डरी घ्यायला त्याने एक छोटी साइट करून घेतली आणि ती ठेवायला स्वस्तातला एक सर्व्हर भाड्याने घेतला, उबुंटू २४.०४ लिनक्स, एक जीबी रॅम, बास. सर्व्हर हातात आला त्याच रात्री मी त्याला फोनवरून एक कमांड टाकायला लावली, कोण कोण लॉगिन करायला बघतंय त्याची नोंद दाखवणारी:

सुडो टेल -एफ /व्हार/लॉग/ऑथ.लॉग

दोन मिनिटं पठ्ठ्या नुसता बघत बसला. फेल्ड पासवर्ड फॉर रूट, म्हणजे सर्व्हरच्या मालक-खात्याला कुणीतरी चुकीचा पासवर्ड दिला. फेल्ड पासवर्ड फॉर इनव्हॅलिड युजर अॅडमिन. मग टेस्ट, मग ओरॅकल, मग परत रूट. "ताई, अगं पत्ता तर मी अजून कुणालाच दिलेला नाहीये." द्यावा लागत नाही रे बाबा. इंटरनेटवरच्या आयपीव्ही४ पद्धतीचे सगळे मिळून पत्ते ४२९ कोटी, आणि चांगल्या लाइनवर एखाद्या पोर्टसाठी (पोर्ट म्हणजे मशीनचं एक नंबर दिलेलं दार) ते सगळे तासाभरात चाळून होतात. बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, दारोदार कडी वाजवत फिरतायत, तुझं दार नवीन लागलंय एवढंच. आणि त्याचा पासवर्ड काय होता ते मी इथे सांगत नाही, पण त्यात हापूस होता आणि १२३ पण होतं.

तर त्या रात्री फोनवर दीड तास जे केलं तेच इथे लिहितेय. कमांड पण मी फोनवर बोलते तशाच देवनागरीत लिहिल्यात, तुम्ही टाइप करताना इंग्रजी कीबोर्डवरच करा, सगळी अक्षरं छोटी, कॅपिटल लागेल तिथे मी सांगेन. डॅश म्हणजे वजाबाकीचं चिन्ह, आणि फाइलच्या नावात जी खाली आडवी रेघ असते ती अंडरस्कोर, या दोघांत गल्लत करू नका, निम्म्या चुका तिथेच होतात.

आधी हे काय आहे ते

एसएसएच म्हणजे लांबच्या मशीनवर सुरक्षितपणे कमांड चालवायचा रस्ता. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्रज्ञान विद्यापीठात नेटवर्कवरून कुणीतरी पासवर्ड चोरले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेनने हे लिहिलं. त्याआधी टेलनेट वापरायचे, त्यात पासवर्ड तारेवरून जसाच्या तसा उघडा जायचा. आज आपण जे वापरतो ते बहुतेक ठिकाणी ओपनएसएसएच, ते १९९९ मध्ये ओपनबीएसडीवाल्यांनी काढलं.

आता किल्ली. किल्लीने लॉगिन म्हटलं की सगळे कुलूप-किल्लीचं चित्र काढतात, मला बँकेतली नमुना सही जास्त बरी वाटते. खातं उघडताना तुम्ही एक नमुना सही देऊन ठेवता, पुढे चेक आला की बँक ताडून बघते. इथे तुमच्या लॅपटॉपवर दोन फाइली तयार होतात. एक प्रायव्हेट की, म्हणजे सही करणारा हात, तो लॅपटॉप सोडून कुठेही जात नाही. दुसरी पब्लिक की, म्हणजे नमुना, ती सर्व्हरवर ठेवायची. लॉगिन करताना दर वेळी वेगळा मजकूर असतो, तुमचा लॅपटॉप प्रायव्हेट कीने त्यावर सही करतो आणि सर्व्हर नमुन्याशी ताडतो. फरक एवढाच की बँकेतला नमुना बघून कुणी सही गिरवू शकतं, इथे पब्लिक की गावभर वाटली तरी तिच्यावरून सही करता येत नाही. आणि चोरण्यासारखं तारेवरून काही जातच नाही.

किल्ली बनवा, स्वतःच्या मशीनवर

हे ठळक सांगते कारण भाऊ पहिल्यांदा सर्व्हरवरच बनवायला बसला होता. किल्ली लॅपटॉपवर बनवायची. विंडोज १० किंवा ११ असेल तर पॉवरशेल उघडा, एसएसएच त्यात आधीच असतं, मॅक आणि लिनक्सवर टर्मिनल. मग:

एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -सी "देवगड-लॅपटॉप"

यात टी छोटा आणि सी कॅपिटल, ईडी२५५१९ हा किल्लीचा प्रकार. सी नंतर अवतरणात जे लिहाल ते नुसतं लेबल आहे, पण मशीनचं नाव लिहाच, वर्षभराने सर्व्हरवर चार किल्ल्या झाल्या की कुठली कुणाची ते त्याच्यावरूनच कळतं. तिथे मात्र देवनागरी नको, इंग्रजी अक्षरंच टाका.

जुन्या लेखांमध्ये आरएसए ४०९६ या प्रकारची किल्ली बनवा असं लिहिलेलं सापडेल. ते चुकीचं नाही, चालतं, पण आज नवीन बनवताय तर ईडी२५५१९ घ्या, लहान असते, लवकर होते, आणि ओपनएसएसएचमध्ये २०१४ पासून आहे त्यामुळे फारच म्हातारा सर्व्हर नसेल तर अडत नाही. (२५५१९ हा आकडा कुठून आला विचाराल तर २ चा २५५ वा घात वजा १९, ती एक मूळ संख्या आहे.) डीएसए कुठे दिसलं तर सोडून द्या, ते काढूनच टाकलंय.

कमांड दिल्यावर फाइल कुठे ठेवू विचारेल, एंटर मारा. पण थांबा, "आधीच आहे, ओव्हरराइट करू का" असं विचारलं तर नाही म्हणा, कारण हो म्हटलं की जुनी किल्ली गेली ती गेलीच. मग पासफ्रेज, म्हणजे किल्लीचाच पासवर्ड, विचारेल. इथे सगळे दोनदा एंटर मारून पुढे जातात. नका जाऊ. पासफ्रेज नसलेली किल्ली म्हणजे लॅपटॉप ज्याच्या हातात त्याचा सर्व्हर. चार-पाच शब्दांचं काहीतरी लांब पण लक्षात राहणारं द्या, टाइप करताना स्क्रीनवर काही उमटत नाही, टिंबं पण नाहीत, म्हणजे कीबोर्ड बिघडला असं नाही. दर वेळी ते टाइप करायचं का हा प्रश्न मनात येईलच, त्याचं खाली सांगते.

झालं की टिंबं-चांदण्यांचं एक चौकोनी चित्र दिसेल, छान असतं, सोडून द्या. होम फोल्डरमध्ये .एसएसएच नावाचं फोल्डर आहे (सुरुवातीचा टिंब नावातच आहे) आणि त्यात दोन फाइली, आयडी_ईडी२५५१९ आणि आयडी_ईडी२५५१९.पब. पब आहे ती वाटायची, पब नाही ती कुणाला म्हणजे कुणालाही द्यायची नाही. मलाही नाही.

नमुना सर्व्हरवर पोचवा

मॅक-लिनक्सवाल्यांचं एका ओळीत होतं:

एसएसएच-कॉपी-आयडी युजर@सर्व्हरचा-पत्ता

जुना पासवर्ड शेवटचा म्हणून विचारेल, बाकी सगळं ती कमांड बघते. या लोकांनी एका खिडकीत सर्व्हरवर लॉगिन करून ठेवा आणि सरळ पुढच्या भागावर जा.

विंडोजवर ही कमांड नाही. म्हणून पब फाइल उघडून मजकूर हाताने न्यायचा. भावाने त्या फाइलवर डबल क्लिक केलं आणि ऑफिसमधलं पब्लिशर उघडलं, कारण त्याच्याही फाइलींना .पब असंच असतं! दहा मिनिटं आम्ही त्यात घालवली. राइट क्लिक करून नोटपॅडने उघडा. आत एकच लांब ओळ दिसेल, सुरुवात एसएसएच-ईडी२५५१९, मग एएएएसी३ ने सुरू होणारी अगम्य अक्षरं, शेवटी तुमचं लेबल. ती पूर्ण कॉपी करा.

मग पासवर्डने सर्व्हरवर जा, एसएसएच युजर@पत्ता. पहिल्यांदा जाताय तर एक फिंगरप्रिंट दाखवून यस की नो असं विचारेल. सगळे डोळे झाकून यस म्हणतात, मी पण म्हणायचे. खरं तर इथे सर्व्हर स्वतःची ओळख सांगतोय. होस्टिंगवाल्याच्या पॅनलमध्ये ब्राउझरमधून उघडणारा कन्सोल असतो, त्यात लॉगिन करून

एसएसएच-कीजेन -एलएफ /ईटीसी/एसएसएच/एसएसएच_होस्ट_ईडी२५५१९_की.पब

चालवलं की तोच फिंगरप्रिंट दिसायला हवा. जुळला की यस. या निमित्ताने कन्सोल कुठे आहे आणि चालतो का हे पण कळतं, आणि ते तुम्हाला पुढे कधी ना कधी लागणारच आहे.

आत गेल्यावर या चार ओळी, एकेक करून:

एमकेडीआयआर -पी ~/.एसएसएच
नॅनो ~/.एसएसएच/ऑथराइझ्ड_कीज
सीएचमॉड ७०० ~/.एसएसएच
सीएचमॉड ६०० ~/.एसएसएच/ऑथराइझ्ड_कीज

नॅनो म्हणजे सर्व्हरवरचं नोटपॅड, त्यात ती ओळ पेस्ट करून कंट्रोल ओ, एंटर, कंट्रोल एक्स. दोन गोष्टी बघा. एक, ऑथराइझ्ड मध्ये झेड आहे. आपल्याकडे शाळेत एस लावून शिकवलेलं असतं, हात आपोआप एस टाइप करतो, फाइल बनते, कुठलीही एरर येत नाही आणि सर्व्हर त्या फाइलकडे ढुंकूनही बघत नाही. दोन, पेस्ट केल्यावर ओळ एकच राहिली पाहिजे. स्क्रीनवर ती वळून दोन-तीन ओळींत दिसली तर चालेल, पण मध्ये खरा एंटर पडला तर किल्ली मेली.

सीएचमॉडच्या ७०० आणि ६०० या परवानग्या पण उगाच नाहीत. दुसरा कुणी त्या फाइलमध्ये लिहू शकत असेल तर तो स्वतःचा नमुना घुसडू शकेल, म्हणून परवानग्या सैल दिसल्या की सर्व्हर किल्ली वापरायलाच नकार देतो. हे होम फोल्डरलाही लागू आहे. कुणीतरी वैतागून होम फोल्डरला ७७७ (सगळ्यांना सगळं मोकळं) करून ठेवतो आणि मग किल्ली का चालत नाही म्हणून रात्रभर डोकं धरून बसतो.

दुसरी खिडकी

आता मुद्द्याचं. आत्ता सर्व्हरवर उघडी असलेली खिडकी बंद करायची नाही. तशीच राहू दे. लॅपटॉपवर नवीन पॉवरशेल उघडा आणि तिथून परत एसएसएच करा. पासवर्डऐवजी "एंटर पासफ्रेज फॉर की" असं विचारलं आणि आत गेलात, तर किल्ली चालली. युजरचा पासवर्डच मागितला तर नाही चालली, मागे जा.

मी हे इतकं का ताणतेय, तर काही वर्षांपूर्वी एका क्लायंटच्या सर्व्हरवर मी किल्ली पेस्ट केली, पासवर्ड बंद केला, सर्व्हिस रीस्टार्ट केली आणि एक्झिट मारलं, सगळं एका दमात, फार हुशार असल्यासारखं. पेस्ट करताना ओळीत एंटर पडला होता. परत जायला गेले तर परमिशन डिनाइड. शुक्रवार संध्याकाळ होती. कन्सोल होता म्हणून वाचले, पण त्या कन्सोलमध्ये पेस्ट चालत नव्हतं, म्हणजे तुटलेली ओळ शोधून एकेक अक्षर बघत हाताने जोडली. ईडी२५५१९ ची ती अक्षरं ६८ असतात. आरएसए ३०७२ असती तर ५४४, आणि माझी दुर्दैवाने आरएसएच होती.

चालत नसेल तर लॅपटॉपवरून एसएसएच -व्ही युजर@पत्ता चालवा. भरमसाट मजकूर येईल, त्यात "ऑफरिंग पब्लिक की" ही ओळ शोधा. ती नसेल तर लॅपटॉप तुमची किल्ली पुढेच करत नाहीये, फाइलचं नाव किंवा जागा वेगळी असेल, मग -आय लावून फाइलचा रस्ता सांगा. ती आहे पण त्यापाठोपाठ "सर्व्हर अॅक्सेप्ट्स की" नाही, तर घोळ सर्व्हरकडे आहे. उघड्या ठेवलेल्या खिडकीत ऑथ.लॉग बघा, "बॅड ओनरशिप ऑर मोड्स" दिसलं की परवानग्यांचं दुखणं. आणि "टू मेनी ऑथेंटिकेशन फेल्युअर्स" आलं तर तुमच्याकडे किल्ल्या जास्त झाल्यात, लॅपटॉप सगळ्या एकेक करून लावून बघतो आणि सर्व्हर सहा प्रयत्नांत कंटाळतो.

आता पासवर्ड बंद

किल्लीने दोनदा-तीनदा आत जाऊन आलात? मगच हे. आंतरजालावर सगळीकडे सांगतात की /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग उघडा आणि पासवर्डऑथेंटिकेशन नो करा. उबुंटूवर एवढ्याने बऱ्याचदा काहीच होत नाही, आणि लोकांना पत्ताही लागत नाही की काही झालेलं नाही. कारण त्या फाइलच्या वरच्या भागातच एसएसएचडी_कॉन्फिग.डी या फोल्डरमधल्या फाइली आत ओढल्या जातात, भाड्याच्या सर्व्हरवर तिथे ५०-क्लाउड-इनिट.कॉन्फ नावाची फाइल बसलेली असते, तिच्यात पासवर्डऑथेंटिकेशन यस असतं, आणि या प्रोग्रामचा नियम असा की एखादी सेटिंग पहिल्यांदा जी वाचली तीच खरी. नंतर तुम्ही कितीही नो लिहा.

म्हणून त्याच फोल्डरमध्ये आपली फाइल करायची, तिच्याआधी नंबर लागेल असं नाव देऊन:

सुडो नॅनो /ईटीसी/एसएसएच/एसएसएचडी_कॉन्फिग.डी/१०-किल्ली.कॉन्फ

(नाव इंग्रजीत, शेवट .कॉन्फ असाच हवा.) आत तीन ओळी:

पासवर्डऑथेंटिकेशन नो
केबीडीइंटरअॅक्टिव्हऑथेंटिकेशन नो
परमिटरूटलॉगिन नो

सेटिंगचं नाव एकसलग लिहायचं, त्यात कॅपिटल-छोटं कसंही चालतं, पण नो मात्र छोट्याच अक्षरांत. तिसरी ओळ टाकायच्या आधी बघा की तुमचा रूट सोडून वेगळा, सुडो (म्हणजे रूटच्या हक्काने कमांड चालवणं) चालणारा युजर आहे. तुम्ही स्वतःच रूट म्हणून जात असाल तर आत्तापुरतं तिथे नो ऐवजी प्रोहिबिट-पासवर्ड लिहा, म्हणजे रूट फक्त किल्लीने येईल.

मग सुडो एसएसएचडी -टी, छोटा टी. काहीच छापलं नाही तर ठीक, स्पेलिंग चुकलं असेल तर ओळ नंबरासकट ओरडेल. मग सुडो सिस्टीमसीटीएल रीलोड एसएसएच. उबुंटूऐवजी रेड हॅटच्या घराण्यातला सर्व्हर असेल तर शेवटी एसएसएचडी म्हणा. याने उघड्या खिडक्या तुटत नाहीत, तेच तर आपलं विमा कवच आहे. आणि खरंच लागू झालं का ते:

सुडो एसएसएचडी -टी | ग्रेप -आय पासवर्डऑथ

इथला टी मात्र कॅपिटल. नो दिसलं पाहिजे. शिवाय लॅपटॉपच्या नव्या खिडकीतून मुद्दाम किल्ली न वापरता जाऊन बघा:

एसएसएच -ओ पबकीऑथेंटिकेशन=नो युजर@पत्ता

परमिशन डिनाइड आलं आणि पुढे कंसात फक्त पब्लिककी एवढंच असलं की पार्टी करा. भाऊ म्हणाला, "ताई, आयुष्यात पहिल्यांदा डिनाइड बघून बरं वाटलं." आता ती जुनी खिडकी बंद केली तरी चालेल.

युजरचा पासवर्ड मात्र विसरू नका. सुडो तो अजूनही विचारणार, आणि कन्सोलमधून जायची वेळ आली तर तिथेही तोच लागतो, आपण फक्त एसएसएचचं दार बदललंय. लॉगमध्ये बॉटच्या ओळी पण येत राहतील, येऊ देत. एसएसएचचा नेहमीचा पोर्ट २२ बदलून दुसरा केला की त्या कमी होतात, पण ती नुसती शांतता आहे, सुरक्षा नाही, आणि मग स्वतःच पोर्ट विसरून बसायचं.

पासफ्रेज दर वेळी नको असेल तर

एजंट नावाचा प्रकार असतो, तो उघडलेली किल्ली सांभाळून ठेवतो. विंडोजवर सर्व्हिसेसमध्ये जाऊन ओपनएसएसएच ऑथेंटिकेशन एजंट शोधा, तो डिसेबल्ड असतो, ऑटोमॅटिक करून स्टार्ट करा, मग पॉवरशेलमध्ये एसएसएच-अॅड, पासफ्रेज एकदा द्या, झालं.

आणि .एसएसएच फोल्डरमध्ये कॉन्फिग नावाची फाइल करून (विंडोजवाल्यांनो, नोटपॅड मागे .टीएक्सटी चिकटवतो, ते काढा) असं लिहा:

होस्ट आंबा
होस्टनेम सर्व्हरचा-पत्ता
युजर तुमचा-युजर
आयडेंटिटीफाइल ~/.एसएसएच/आयडी_ईडी२५५१९
आयडेंटिटीजओन्ली यस

मग एसएसएच आंबा एवढंच पुरतं. शेवटच्या ओळीने वरचं ते टू मेनीचं दुखणं पण जातं.

दुसरा लॅपटॉप आला, किंवा पहिला गेला

परवा भावाचा मेसेज, "ताई नवीन लॅपटॉप घेतला, ती किल्ली व्हॉट्सअॅपवर स्वतःलाच पाठवून तिकडे टाकू ना?" नाही! नव्या मशीनवर नवी किल्ली बनव, तिची पब ओळ जुन्या लॅपटॉपवरून आत जाऊन ऑथराइझ्ड_कीजमध्ये खाली जोड, एका ओळीत एक किल्ली, कितीही चालतात. नवीन चालली की जुनी ओळ काढून टाक. आणि हे लॅपटॉप मरायच्या आधीच करून ठेवलेलं बरं, म्हणजे मी माझ्या अँड्रॉइड फोनवर टर्मक्स या टर्मिनलच्या अॅपमध्ये एक वेगळी किल्ली बनवून तिची ओळ प्रत्येक सर्व्हरवर घालून ठेवलीय, लॅपटॉप बंद पडला तर निदान फोनवरून आत जाता येतं.

लॅपटॉप चोरीला गेला तर त्याच दिवशी त्याच्या लेबलची ओळ उडवा. फक्त हे लक्षात घ्या की ओळ काढल्याने नवीन लॉगिन थांबतं, आधीपासून कुणी आत बसलेला असेल तर तो बसलेलाच राहतो, तेव्हा डब्ल्यू ही एका अक्षराची कमांड टाकून आत कोण आहे ते बघा आणि अनोळखी दिसला तर त्याचं सेशन तिथल्या तिथे मारा.